ऋतूंशी सख्य राखणारे घर

अन्न व वस्त्र यांच्या पाठोपाठ माणसाची तिसरी गरज म्हणून निवाऱ्याचा उल्लेख केला जातो. पहिल्या दोन गरजांच्या बाबतीत झालेली चूक सहज सुधारता येते. न मानवलेले अन्न दुसऱ्या दिवशी टाळता येते, अंगाला न बसणारे वस्त्र बदलता येते. घराचे तसे नसते. आयुष्यभराची पुंजी, बहुधा तीत कर्जाची भर घालून, मनुष्य एकदाच घर बांधतो आणि त्याचे गुणदोष पुढच्या दोन पिढ्यांच्या वाट्याला येतात. म्हणून घर कसे असावे, हा प्रश्न हौसेपेक्षा पुष्कळ मोठा आहे.

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यानंतर येथील ग्रामीण भागाचे रूप झपाट्याने पालटले. मातीच्या भिंती व झावळ्यांचे छप्पर असलेल्या घरांत पावसाळा काढणाऱ्या कुटुंबांना पक्के घर बांधण्याची ऐपत आली. सिमेंट काँक्रीटचा स्लॅब हे या ऐपतीचे चिन्ह ठरले आणि ते स्वाभाविकच होते. परंतु आज कोणत्याही तालुक्यात पावसाळ्याच्या तोंडावर फेरफटका मारल्यास एक विलक्षण दृश्य दिसते. स्लॅबच्या घरांवर लोखंडी सांगाडे उभारलेले असतात आणि त्यांवर पत्रे चढविलेले असतात. गळणाऱ्या छपरावर दुसरे छप्पर घालण्याची पाळी का यावी, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या फोंडा तालुक्यातील मूळ घराचेच उदाहरण देतो. १९९६ साली या घराचा पश्चिमेकडील अर्धा भाग पाडून तेथे स्लॅबच्या दोन खोल्या बांधण्यात आल्या. त्या वेळी साऱ्या वाड्यावर त्यांचे कौतुक झाले. पंधरा वर्षांच्या आत स्लॅब झिरपू लागला व त्यावर पत्रे आले. मे महिन्यात रात्री अकरा वाजताही त्या खोल्यांच्या भिंतींना हात लावला तर त्या कोमट लागतात. आमच्या मातोश्री आजही उन्हाळ्यात तेथे निजत नाहीत. उरलेल्या जुन्या अर्ध्या घरातील ओसरीवर त्या चटई अंथरतात. गेल्या चतुर्थीला सारे कुटुंब एकत्र जमले असता हा जुना अर्धा भागही पाडावा, असा प्रस्ताव पुढच्या पिढीने मांडला. आढ्याला वाळवी लागली होती, त्यामुळे प्रस्ताव अकारण नव्हता. निर्णय घेण्यापूर्वी जुन्या घराचा प्रत्येक भाग कोणते काम करीत होता, हे समजून घेण्याचे ठरले. त्या निमित्ताने जमविलेली माहिती वाचकांच्या उपयोगी पडेल, अशा हेतूने हा लेख लिहिला आहे.

हवामान काय मागते?

घराचा खरा आराखडा हवामान ठरविते. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या भागात हे प्रमाण आणखी वाढते. उन्हाळ्यातील कमाल तापमान ३३-३४ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. विदर्भाच्या मानाने ते पुष्कळच सौम्य. तरीही जीव कासावीस होतो, कारण हवा दमट असते व घाम वाळत नाही. अशा हवेत शरीराला गारवा देणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे वाहता वारा.

दुसरी बाब अशी की, कोरड्या प्रदेशांत रात्री तापमान बरेच उतरते. समुद्रकाठच्या प्रदेशात दिवस व रात्र यांच्या तापमानातील फरक थोडा असतो. दिवसभर उष्णता साठविणारे छप्पर रात्री पुरते निवत नाही. सकाळी सूर्य उगवतो तेव्हा आदल्या दिवसाची शिल्लक त्यात असतेच.

तिसरी बाब सूर्याच्या मार्गाची. गोवा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १५ अंशांवर आहे. त्यामुळे मध्यान्हीचा सूर्य उन्हाळ्यात जवळजवळ डोक्यावर असतो आणि सर्वांत अधिक ऊन छपरावर पडते. दक्षिण व उत्तर दिशांच्या भिंतींवर पडणारे ऊन दोन-तीन फुटांच्या वळचणीने अडविता येते. पूर्वेकडील व पश्चिमेकडील भिंतींवर मात्र सूर्य खालून, तिरपा येतो आणि तेथे वळचणीचा उपाय चालत नाही. म्हणून घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवून अरुंद बाजू उन्हाकडे करावी, हा साधा नियम होय. समुद्रावरून येणारा दुपारचा वारा पश्चिमेकडूनच येतो आणि पावसाची झडही त्याच बाजूची असते. त्यामुळे पश्चिमेला उघडी भिंत ठेवण्यापेक्षा ओसरी किंवा पडवी असणे इष्ट. वारा तीतून आत येतो. ऊन व पाऊस बाहेरच्या बाहेर थोपविले जातात.

जांभा चिरा व चुना

आपल्या भूमीने घरासाठी दिलेले पहिले साहित्य म्हणजे जांभा दगड. भरपूर पाऊस व उष्णता यांमुळे मूळ खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्यांपासून हा तांबडा, सच्छिद्र दगड बनतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन यांनी आपल्या प्रवासवर्णनात केरळमधील अंगाडीपुरम येथील अशा दगडाचे वर्णन केले व त्याला विटेच्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘लॅटराइट’ हे नाव दिले. खाणीत ओला असताना हा दगड नरम असतो व कापून काढता येतो. हवा लागली की तो कठीण होत जातो. चिरा तयार करण्यासाठी भट्टी लागत नाही. विटेला व सिमेंटला जे इंधन खर्ची पडते, ते येथे वाचते. सिमेंट उद्योगातून होणारे कर्बवायूचे उत्सर्जन जगातील एकूण उत्सर्जनाच्या सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे, हे ध्यानात घेता या बचतीचे मोल कळते.

चिरा सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो, हा त्याचा दोष. जुन्या गवंड्यांना तो ठाऊक होता. म्हणून त्यांनी भिंतीला चुन्याचा गिलावा दिला, जोते उंच घेतले आणि वळचण पुढे आणली. चुन्याचा गिलावा भिंतीत शिरलेला ओलावा बाहेर पडू देतो. त्यावर कठीण सिमेंटचा थर दिल्यास ओलावा आत कोंडतो आणि पापुद्रे सुटू लागतात. जुन्या घरांच्या दुरुस्तीत सर्रास होणारी ही चूक टाळावी. चुन्याच्या किंवा मातीच्या दर्जात रचलेल्या भिंतीचा आणखी एक गुण असा की, ती उतरविली तरी चिरे अखंड निघतात आणि नव्या भिंतीत पुन्हा वापरता येतात.

चिऱ्याची स्तुती करताना त्याच्या खाणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. चिरे काढून झाल्यावर उघडे टाकलेले खड्डे पावसाळ्यात पाण्याने तुडुंब भरतात. त्यांत गुरे, तसेच पोहायला उतरलेली मुले बुडाल्याच्या घटना घडल्या आहेत. खाणीला कुंपण घालणे, काम संपताच ती मातीने बुजविणे व त्यावर झाडे लावणे ही जबाबदारी पाळली गेली, तरच चिऱ्याचे घर निसर्गाशी जुळवून घेणारे म्हणता येईल. परवानाधारक खाणीतूनच चिरे घेण्याचा आग्रह ग्राहकाने धरावा आणि पाडलेल्या घराचे चिरे मिळत असल्यास प्रथम ते वापरावेत.

कौलारू छप्पर

पूर्वी आपल्याकडे अर्धगोल नळ्यांची छपरे असत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केला आणि एकमेकांत अडकणारी चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पोहोचली. मंगळुरी कौल पातळ असते. ते लवकर तापते, पण ऊन उतरताच लवकर निवते. दोन कौलांमधल्या फटींतून वर चढलेली गरम हवा बाहेर पडते. दोन्ही पाख्यांचा उतार पाणी साठू देत नाही. सपाट स्लॅबवर पाणी थोडा वेळ जरी तुंबले, तरी ते सूक्ष्म भेगांतून आतल्या सळयांपर्यंत पोहोचते. सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटचे ढलपे पडतात. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात उतरत्या छपराला पर्याय नाही, हे स्लॅबवर चढविलेल्या पत्र्यांनीच सिद्ध केले आहे.

अलीकडे तिरपा स्लॅब घालून त्यावर शोभेसाठी कौले सिमेंटात बसविण्याची पद्धत रूढ झाली आहे. दिसायला ते कौलारू घर असते. उष्णतेच्या दृष्टीने ते स्लॅबचेच घर राहते. स्लॅब हवाच असेल तर त्यावर पट्ट्या मारून कौले अधांतरी बसवावीत. मधल्या पोकळीतून हवा खेळती राहिली, तर कौलांवर पडलेल्या उन्हाचा ताप स्लॅबपर्यंत फारसा पोहोचत नाही.

राजांगण, ओसरी व झरोके

गोव्यातील मोठ्या हिंदू घरांच्या मध्यभागी राजांगण असते. त्याच्या चारही बाजूंनी फिरणाऱ्या चौकीत घराचा अर्धा व्यवहार चालतो. वर आकाशाकडे उघडे असलेले हे अंगण म्हणजे घराचा श्वास होय. तेथील तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी भोवतालच्या सावलीतील खोल्यांमधून हवा ओढली जाते. ख्रिस्ती घरांच्या दर्शनी भागातील बाल्कांवही तसाच उपयुक्त आहे. सावली, वारा आणि शेजाऱ्यांशी चार शब्द ही तीनही सुखे त्या एका जागी मिळतात. खिडक्यांना काचेऐवजी कार्पांची, म्हणजे पातळ शिंपल्यांची तावदाने बसवीत. त्यांतून येणारा प्रकाश मवाळ असतो.

घरांची ही परंपरा एका ठिकाणी पाहावयाची असल्यास बार्देश तालुक्यात तोर्डा येथे वास्तुशिल्पी जेरार्ड द कुन्हा यांनी उभारलेले गोव्यातील घरांचे संग्रहालय शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह अवश्य पाहावे.

जुने जसेच्या तसे नको

याचा अर्थ सर्वांनी पूर्वजांची घरे हुबेहूब उभारावीत, असा नाही. ते शक्यही नाही. चांगले लाकूड महाग झाले आहे. कौले चाळण्यासाठी दरवर्षी मे महिन्यात येणारी माणसे आता मिळत नाहीत. माकडांच्या टोळ्या कौले फोडतात, ही तक्रार खरी आहे. कार्पांच्या शिंपल्यांना आज वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा नवी तावदाने करण्याचा विचार सोडावा लागतो. मंगळुरातील कित्येक कौल कारखाने बंद पडले आहेत. शिवाय, येथील वारसा कायद्यानुसार घरावर साऱ्या वारसांचा हक्क असतो. त्यामुळे एकाने दुरुस्ती करावी तर दुसऱ्याची संमती हवी, आणि संमतीची वाट पाहता पाहता छप्पर खाली येते. ओस पडलेली अशी घरे प्रत्येक गावात आहेत.

म्हणून अनुकरण करावयाचे ते रूपाचे नव्हे, त्यामागील विचाराचे. या दृष्टीने दोन वास्तुशिल्पींचे कार्य मार्गदर्शक आहे. इंग्लंडमध्ये १९१७ साली जन्मलेले लॉरी बेकर १९४५ मध्ये भारतात आले व येथलेच झाले. घरासाठी लागणारे साहित्य पाच मैलांच्या परिघातच मिळावे, हा महात्मा गांधींनी त्यांच्याशी बोलताना मांडलेला विचार त्यांनी केरळमध्ये आयुष्यभर आचरणात आणला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लोकप्रिय केलेल्या दोन पद्धती ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवण्याची. तिने विटांची सुमारे एक चतुर्थांश बचत होते आणि पोकळीतील हवा उष्णता अडविते. चिरा न मिळणाऱ्या भागांत ती उपयोगी आहे. दुसरी पद्धत स्लॅबची. स्लॅबच्या खालच्या भागात पडणारा ताण लोखंडी सळया सोसतात. तेथील काँक्रीट त्या कामी येत नाही. म्हणून सळयांच्या चौकटींमध्ये जुनी मंगळुरी कौले बसवून वर काँक्रीट ओततात. काँक्रीट वाचते, वजन घटते आणि खोलीही काहीशी थंड राहते. हे काम अनुभवी अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे.

मूळचे गोमंतकीय घराण्यातील चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांचे पणजीतील कला अकादमीचे संकुल सर्वपरिचित आहे. १९६०-७० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी अहमदाबाद येथे अल्प खर्चाचे एक अरुंद, लांबट घर रचले होते. त्यात गरम हवा छताच्या उताराने वर सरकत जाई व आढ्याजवळच्या झरोक्यातून बाहेर पडे. ते घर आज अस्तित्वात नाही. त्यातील तत्त्व मात्र कोणत्याही नव्या घरात योजता येते. आढ्याजवळ जाळी लावलेला एक झरोका ठेवण्यास फारसा खर्च येत नाही.

शासकीय पातळीवरही या विचाराला मान्यता मिळाली आहे. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ प्रसिद्ध केली. उष्ण व दमट प्रदेशातील घरात उघडता येण्याजोग्या दारे-खिडक्यांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश असावे, असे तीत म्हटले आहे. ही संहिता प्रामुख्याने मोठ्या इमारतींसाठी आहे. परंतु आपल्या छोट्या घराचा नकाशा तपासण्यासही हे माप उपयोगी पडते. १२० चौरस मीटरच्या घरात २० चौरस मीटर उघडझाप होते का, ते मोजून पाहावे. सरकत्या काचेच्या खिडक्यांचा निम्माच भाग एका वेळी उघडतो, हेही विसरू नये.

पाणी व वीज

छपरावर पडणाऱ्या पाण्याचा हिशेब चकित करणारा आहे. १०० चौरस मीटर छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. त्यातील पाचवा हिस्सा वाया गेला तरी २ लाख ४० हजार लिटर उरते. ग्रामीण भागासाठी ठरलेल्या दरडोई दररोज ५५ लिटर या प्रमाणाने पाच माणसांच्या कुटुंबास दिवसाला २७५ लिटर लागतात. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांची गरज सुमारे ३३ हजार लिटर होते. म्हणजे आपल्याच छपरावरून वाहून जाणाऱ्या पाण्याचा सातवा हिस्सा साठविला, तरी उन्हाळा निभावतो. एवढी मोठी टाकी परवडत नसल्यास पन्हळीचे पाणी वाळू व खडी यांच्या खड्ड्यातून गाळून विहिरीजवळच्या जमिनीत मुरवावे. पहिल्या एक-दोन पावसांचे, पालापाचोळ्याचे पाणी मात्र बाहेर सोडावे. अंगण सिमेंटने लिंपल्यास हे सारे पाणी गटारात जाते, याचाही विचार व्हावा.

विजेच्या बाबतीत, दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण शक्तीने चालू असताना साधारण २० जुन्या पंख्यांइतकी वीज घेते. यंत्राला आक्षेप नाही. परंतु चुकीच्या छपराची भरपाई म्हणून ते लावावे लागणे, हा दर महिन्याला भरावयाचा दंड होय. छपराची नीट योजना केल्यास त्याचा दक्षिणेकडील उतार सौर तावदानांनाही योग्य ठरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत घरगुती सौर संचास अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. प्रचलित अटींची चौकशी वीज खात्याच्या नजीकच्या कार्यालयात करावी.

बांधकामापूर्वी

घर बांधू इच्छिणाऱ्यांनी नकाशा काढण्यापूर्वी निदान एक पावसाळा आपल्या जागेवर जाऊन पाहावा. पाणी कोठून येते, कोठे तुंबते, वारा कोणत्या झाडांमधून वाहतो, याची नोंद करावी. पश्चिमेकडील आंबा किंवा फणस तोडण्याची घाई करू नये. त्याची सावली विकत मिळत नाही. न्हाणी, कोठी, जिना यांसारखे भाग पश्चिमेच्या अंगास घ्यावेत, म्हणजे निजण्याच्या खोल्या तापत नाहीत. एकमेकांसमोर खिडक्या ठेवाव्यात. जुन्या घराची दुरुस्ती करावयाची असल्यास आवश्यक परवानगीची विचारणा ग्रामपंचायतीत आधीच करावी आणि कामावर एखादा जुना, चुना जाणणारा गवंडी अवश्य बोलवावा. अशी माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्याबरोबर ही विद्या संपू नये, यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली चार दिवस काढल्यास दोघांचाही फायदा होईल.

आमच्या घराविषयी सांगावयाचे तर, जुना अर्धा भाग राखण्याचे शेवटी ठरले. वाळवी लागलेले आढे व सात वासे बदलले, सिमेंटचे गिलावे खरवडून चुना दिला, कौलांखाली माकडांसाठी जाळी मारली. स्लॅबच्या भागावरील पत्रे काढून तेथे कौले चढविण्याचे काम येत्या उन्हाळ्यात हाती घ्यावयाचे आहे. सर्वांचे पूर्ण एकमत झाले असे नाही. एका पुतण्याला सगळेच नवे हवे होते आणि त्याची बाजूही समजण्यासारखी आहे. त्याला त्या घरात आणखी पन्नास वर्षे राहावयाचे आहे. पण चतुर्थीनंतरच्या एका दुपारी वीज गेली तेव्हा तो आपणहून ओसरीवर येऊन बसला, ही गोष्ट आम्ही सर्वांनी पाहिली.

ज्यांना आज घर बांधावयाचे आहे, त्यांनी आपल्या गावातील सर्वांत जुन्या घराच्या ओसरीवर मे महिन्यातील एक दुपार घालवावी, एवढीच विनंती. नकाशा त्यानंतर काढावा.